शिसं-पारा तपासायची पट्टी: तिसऱ्या-शिंपल्यांसाठी घेऊ नका

बोअरच्या पाण्यासाठी मागवलेली ही रंगीत चौकोनांची पट्टी हळूच मासळीकडे वळते. कसारा घाट चढून नाशिकला आलेल्या तिसऱ्या मिठाच्या पाण्यात ठेवायच्या, त्याच पाण्यात पट्टी बुडवायची, आणि शिशाचा चौकोन पांढरा राहिला की निर्धास्तपणे कालवण टाकायचं. पाण्यासाठी पाचांपैकी दोन तारे देता येतील. तिसऱ्यांसाठी एकही नाही.

पट्टीला कळतं ते फक्त पाण्यात विरघळलेलं शिसं. तिसरी खाडीचं पाणी कल्ल्यांतून गाळूनच पोट भरते, आणि त्या पाण्यातले धातू तिच्या मांसातल्या प्रथिनांना धरून बसतात. भिजवल्यावर वाळू सुटते, धातू नाही. चिंच-आमसुलानंही नाही.

मांस उकळून रस्सा तपासला तर? हिशोब करा. युरोपात शिंपल्यांसाठी शिशाची मर्यादा किलोला १.५ मिलिग्रॅम आहे. नेमक्या तेवढ्या शिशाचं १०० ग्रॅम मांस एक लिटर पाण्यात उकळलं आणि दहा टक्के शिसं पाण्यात उतरलं असं धरलं, तरी लिटरला १५ मायक्रोग्रॅम भरतात. या पट्टीची पहिली रंगपायरीच २० मायक्रोग्रॅमची. (पिण्याच्या पाण्याची आपली मर्यादा १०, म्हणून पाण्यालाही दोनच तारे.) उलट फसगतही होते. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात आमसूल घालून रस्सा केला की तांब्याचा चौकोन रंगतो, आणि दोष तिसऱ्यांवर येतो.

पट्टीवर शिसं, लोखंड, तांबं, पारा आहेत. कॅडमियम (हाही विषारी धातूच) नाही, आणि शिंपल्या-खेकड्यांत सगळ्यात आधी बघायचं तेच. मूत्रपिंडात साठलेलं कॅडमियम निम्मं व्हायला १० ते ३० वर्षं लागतात. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीनं २०१० मध्ये ठरवलेली कॅडमियम पोटात जाण्याची मर्यादा महिन्याला शरीराच्या दर किलोमागे २५ मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १,५००. किलोला १ मिलिग्रॅम कॅडमियम असलेल्या तिसऱ्यांच्या १०० ग्रॅम मांसात १०० मायक्रोग्रॅम येतं. मोठ्यांनी महिन्यात चारदा खाल्लं तर फार बिघडत नाही. १५ किलोच्या मुलाची मर्यादा मात्र ३७५, ती अशा १०० ग्रॅमच्या चौथ्या वाटीतच ओलांडली जाते, आणि त्यात भात-भाजीतून येणारं कॅडमियम धरलेलंच नाही.

हॉटेलवाल्यांनी आणि रोजच्या विक्रेत्यांनी पट्ट्यांचे पैसे वाचवून एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या प्रयोगशाळेत नमुना द्यावा. मान्यतापत्रात मासळी आणि हे धातू दोन्ही आहेत ना, तेवढं आधी बघा. फक्त पाण्याची मान्यता असेल तर उपयोग नाही. एकाच खेपेतल्या वेगवेगळ्या टोपल्यांतून शिंपल्या उचलायच्या, साधारण पाव किलो सोललेलं मांस भरेल इतक्या, आणि गोठवून पोचवायच्या. तिथे मांस नायट्रिक आम्लात बंद भांड्यात विरघळवतात आणि मग आयसीपी-एमएस या अगदी थोडा धातूही टिपणाऱ्या यंत्रावर मोजतात. पट्टीत नसलेली पायरी ती हीच.

अहवालात सर्वाधिक घोळ होतो तो ओल्या आणि कोरड्या वजनाचा. मांसात सुमारे ८० टक्के पाणी असतं, त्यामुळे कोरड्या वजनावरचा आकडा पाचपट दिसतो. मर्यादा मात्र ओल्या वजनावर असतात. आर्सेनिकचा एकूण आकडा बघून घाबरू नका. समुद्री जिवांतलं बरंचसं आर्सेनिक आर्सेनोबीटेनच्या रूपात असतं, ते अपायकारक नाही. घातक असतं ते असेंद्रिय आर्सेनिक, ते वेगळं मोजून मागा.

खेकड्याचे दोन नमुने द्या: नांग्या-पायांतलं पांढरं मांस वेगळं, कवचाखालचा तपकिरी गर वेगळा. कॅडमियम गरात कितीतरी जास्त असतं आणि युरोपची खेकड्याची मर्यादा पांढऱ्या मांसापुरतीच आहे. अख्खा खेकडा उकळला की गरातलं थोडं कॅडमियम पाण्यात येतं. मुलांसाठी करायचा असेल तर गर आधीच काढा, आणि ते पाणी रश्श्यात वापरू नका.