फायबर इंटरनेट ७ महिने वापरल्यावर (कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये)

आधी आमच्याकडे तांब्याच्या वायरीचं नेट होतं, पाऊस सुरू झाला की नेट गुल. आता १०० एमबीपीएसचं फायबर घेतलंय आणि या पावसाळ्यात एकदाही अडकलं नाही, कारण वायरीतून वीज जातच नाही, प्रकाश जातो. पोरीचा क्लास, ह्यांचं ऑफिस आणि सासूबाईंच्या सिरियल एकदम चालतात. रात्री ९ नंतर थोडं मंदावतं, एकच तार स्प्लिटरने (प्रकाश वाटून देणारा छोटा डबा) बऱ्याच घरांत वाटलेली असते ना, तेवढं चालायचंच.

गोची झाली गेल्या महिन्यात. घराला रंग दिला आणि दुसऱ्या दिवशी नेटच्या डब्यावरचा एलओएसचा (सिग्नल गायब) लाल दिवा लुकलुकायला लागला. कॉल सेंटरला फोन केला तर "मॅडम, राउटर बंद करून चालू करा". तीन दिवस हेच. अहो, लाल दिवा म्हणजे प्रकाशच येत नाहीये, बंद-चालू करून काय होणार, कंदील आहे का तो वात वर करायला!

चौथ्या दिवशी एक पोरगा आला. प्रकाशाची ताकद मोजायचा मीटर लावला, मायनस ३१ डीबीएम. "काकू, मायनस २७ च्या खाली गेलं की डबा मेला." मग पेनासारखा लाल लेझर वायरीच्या टोकाला लावला आणि मला लाइट बंद करायला सांगितली. कपाटामागे खिळ्यापाशी वायर चक्क लाल चमकत होती! रंगाऱ्याने ती खिळ्याला करकचून गुंडाळलेली, आणि आतली काचेची तार जास्त वाकली की प्रकाश तिथूनच बाहेर पडतो. शाळेत पूर्ण आंतरिक परावर्तन (प्रकाश काचेच्या आतच आपटत पुढे जातो ते) नुसतं पाठ केलेलं, दिसलं आत्ता. नेटचा प्रकाश मात्र डोळ्यांना दिसत नाही, त्याची तरंगलांबी येताना १४९० नॅनोमीटर, जाताना १३१०, दोन्ही एकाच तारेतून, म्हणून टोकात डोळा घालून बघू नका, पोरगा पण ओरडला मला.

मग त्याने तेवढा तुकडा कापला, टोकं स्पिरिटने पुसली आणि सांधायच्या मशीनमध्ये ठेवली. काच केसाएवढी, १२५ मायक्रॉन, आणि प्रकाश जातो तो मधला गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा! स्क्रीनवर दोन्ही टोकं आपोआप समोरासमोर आली, एक ठिणगी, झालं, सांधा शोधून सापडेना. सांध्यात प्रकाशाचा लॉस फक्त ०.०२ डीबी (डेसिबल), मीटर मायनस २१. पंधरा मिनिटांचं काम.

तिकडे इंग्लंडच्या साउथॅम्प्टन विद्यापीठवाल्यांनी २०२५ मध्ये आतून पोकळ फायबर दाखवलं, किलोमीटरला फक्त ०.०९१ डीबी लॉस, आपल्या नेहमीच्या काचेत साधारण ०.२ जातो. आणि इकडे लाल दिव्याचा अर्थ कळायला तीन दिवस.

नेटला ५, पोराला ५, कॉल सेंटरला १, तोही शेवटी पोराला पाठवला म्हणून. बंद पडलेल्या दिवसांचे पैसे पुढच्या बिलात वळते करतो म्हणाले होते, बिल आलं, पूर्ण आलं.