गाळाचं वय काढून देणारी लॅब: आमचा अनुभव

मी अमळनेर तालुक्यात विज्ञान शिकवते. आमच्या गावतळ्यात नाल्याचं पाणी कधीपासून शिरतंय, यावरून गावात वाद आहे. सासरे म्हणतात, १९७२ च्या दुष्काळानंतर लगेच. बाकीचे म्हणतात, आत्ता आत्ता. मे महिन्यात पाणी उतरलं तेव्हा मी आणि नववीच्या पोरांनी मधल्या डबक्यात पीव्हीसीचा पाइप ठोकला, गाळ वर काढला आणि एकेक सेंटिमीटरचे काप करून पिशव्यांत भरले. विसाव्या सेंटिमीटरच्या वरचा गाळ काळा, तेलकट. बोटाला लागला तो साबणानंही निघेना.

नमुने बाहेरगावच्या एका खासगी लॅबला दिले. हवेतून पडणारं शिसे-२१० (शिशाचं किरणोत्सर्गी रूप) गाळात अडकतं आणि साधारण २२ वर्षांनी निम्मं होतं, त्यावरून थराचं वय निघतं. पण गाळातल्या रेडियमपासूनही थोडं शिसे-२१० बनतच असतं, ते वजा करावं लागतं. त्यासाठी नमुना डबीत हवाबंद करून तीन आठवडे ठेवायचा, रेडियमपासून निघणारा रेडॉन वायू आत कोंडायचा आणि मग मोजायचं. या लॅबनं ते तीन आठवडे खरोखर दिले. मी दोनदा घाई केली, तरी फोनवरच्या ताईंनी डबी आधी उघडली नाही. मला हे फार आवडलं.

दुसरी खूण सीझियम-१३७ ची, म्हणजे अणुचाचण्यांच्या धुळीतल्या किरणोत्सर्गी पदार्थाची. ही धूळ १९६३ च्या सुमाराला सर्वांत जास्त पडली. आमच्या गाळात सीझियमचा तो सर्वांत मोठा आकडा ३१ व्या सेंटिमीटरला सापडला, शिशाच्या वयाशी जुळला. काळा गाळ सुरू झाला तो साधारण १९८५ ला.

तक्रार एकच, पण मोठी. पहिल्या अहवालात वर्षांपुढे अधिक-उणे आकडाच नव्हता. नुसतं "१९८५" घेऊन मी गावात काय सांगणार? मागितल्यावर आठ दिवसांनी आला: चार वर्षं इकडेतिकडे. मोजणीचे मूळ आकडेही दिले. फी शिक्षकाला जड आहे, आम्ही वर्गणी काढली.

नमुना पाठवणाऱ्यांना एक सांगते, काठचा गाळ देऊ नका. आपली काळी माती उन्हात भेगाळते, वरचं खाली जातं आणि वर्षांचा गोंधळ होतो.

सासऱ्यांना आकडा दाखवला. बराच वेळ बोटांवर मोजत बसले. मग म्हणाले, "हो, धाकट्याच्या लग्नात तळ्याचं पाणी प्यायलो होतो आपण." ते लग्न १९८३ चं.

पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या गावाचं तळं. नमुने याच लॅबला देणार, अधिक-उणे आकडा मात्र आधीच लिहून घेणार.