रोसिनीची ‘पेतित मेस सोलनेल’: झावालिशचं १९७२चं ध्वनिमुद्रण

नावात ‘छोटी’ (पेतित) असली तरी ही मिस्सा, म्हणजे कॅथलिक प्रार्थनाविधीच्या लॅटिन शब्दांची गायनरचना, जवळपास दीड तास चालते. १८६३ मध्ये इटालियन संगीतकार रोसिनीने ती लिहिली तेव्हा बाराच गायक मागितले होते: चार एकल, आठ कोरसला. साथीला दोन पियानो आणि हार्मोनियम. १४ मार्च १८६४ला पॅरिसमध्ये ती पहिल्यांदा गायली गेली, तीही एका घरातच. पुढे त्याने स्वतः ती ऑर्केस्ट्रासाठीही बसवली. जर्मन संगीत-संचालक वोल्फगांग झावालिशचं ध्वनिमुद्रण मूळ साथीचं आहे, आणि एकच घ्यायचं तर हेच घ्या.

का, ते ‘किरिये’ या पहिल्याच भागात कळतं. पियानोचा डावा हात चाल धरतो, उजवा ठोक्यांच्या मधल्या जागांवर पडतो. पियानोचा सूर वाजताक्षणी विरू लागतो, म्हणून ही अडखळती लय टोकदार राहते. साठ-सत्तर जणांचा कोरस तिला गाडून टाकतो. मधलं ‘क्रिस्ते’ साथीविना आहे. तिथे कोरस केसभर उतरला तरी पियानो परतताच चोरी पकडली जाते. या ध्वनिमुद्रणातल्या म्युनिकच्या छोट्या वृंदात तो सांधा जाणवत नाही.

हार्मोनियम आपल्या हातपेटीसारखी नाही. भाता पायांनी चालतो, दोन्ही हात वाजवायला मोकळे. एक्स्प्रेशनची खुंटी ओढली की साठ्याचा भाता बाजूला पडतो, हवा थेट रीडकडे जाते आणि पायाच्या दाबाबरोबर आवाज चढतो-उतरतो. रीड पटकन पुन्हा लावता येत नाहीत, म्हणून पियानोच तिच्या सुरात लावावे लागतात. यात हयगय झाली तर लांब धरलेल्या सुरांत लाटा ऐकू येतात.

एकल गायकांपैकी टेनर (उंच पुरुष आवाज) पेटर श्रायरच्या ‘दोमिने देउस’मध्ये शब्दन् शब्द स्वच्छ आहे, पण भरदार इटालियन टेनरची सवय असलेल्यांना आवाज बारीक वाटेल. खालच्या पुरुष आवाजाचा फिशर-डीस्काउ ‘क्वोनियम’मध्ये शब्दांवर गरजेपेक्षा जास्त जोर देतो. खरी कमाई ब्रिगिटे फासबेंडरच्या ‘आग्नुस देई’ची. खालच्या सुरांतही आवाज पोकळ होत नाही, आणि तिच्या विनवणीनंतर कोरस ‘दोना नोबिस पाचेम’ (आम्हाला शांती दे) म्हणतो तेव्हा अंगावर काटा येतो.

मोबाइलच्या स्पीकरवर हार्मोनियम पियानोत मिसळून जाते, हेडफोन वापरा. आणि गाणं नाही म्हणून ‘प्रेल्यूद रेलिज्यू’ पुढे ढकलू नका. पियानोचा हा लांब एकल भाग ‘क्रेदो’नंतरचा श्वास आहे, तो गाळला तर ‘सांक्तुस’ फार घाईने येतो.