क्रोम, फायरफॉक्स, एज की ब्रेव्ह? बँकेला एक ठेवा आणि बाकी सगळ्याला दुसरा

इंदूरच्या सिल्व्हर मॉलमधून लॅपटॉप घेतला की दुकानदार क्रोम टाकून देतो आणि आपल्या मराठी घरांतले बहुतेक लोक पुढे वर्षानुवर्षं तोच वापरतात. मग कधीतरी कुणाच्या तरी भाच्याला फसवल्याची बातमी येते आणि ग्रुपवर प्रश्न पडतो, क्रोम सेफ आहे का, ब्रेव्ह टाकू का, फायरफॉक्स अजून चालतो का. मला विचाराल तर एकच ब्राऊजर निवडायच्या भानगडीत पडूच नका, दोन ठेवा. का, ते सांगते.

क्रोम सुरक्षेत कच्चा आहे असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. प्रत्येक साइट वेगळ्या प्रोसेसमध्ये कोंडून ठेवायची सोय, साइट आयसोलेशन, क्रोमने कॉम्प्युटरवर 2018 मध्येच सगळ्यांना चालू करून दिली, फायरफॉक्सला तिथे पोचायला 2021 उजाडलं. याचा फायदा असा की एका टॅबमध्ये चुकून कुठली घाणेरडी साइट उघडली तरी तिला शेजारच्या टॅबमधलं बँकेचं पान वाचता येऊ नये. 2023 पासून क्रोमचे सिक्युरिटी अपडेट दर आठवड्याला येतात. फक्त अपडेट आपोआप उतरलं तरी ब्राऊजर बंद करून उघडल्याशिवाय लागू होत नाही, आणि आपल्याकडे लॅपटॉपचं झाकण नुसतं मिटवायची सवय, त्यामुळे महिना महिना तेच टॅब उघडे असतात. वर उजव्या कोपऱ्यात अपडेटचं बटण दिसायला लागलं की हातातलं काम सेव्ह करून तेवढं दाबाच.

क्रोमचा खरा प्रॉब्लेम दुसरीकडे आहे. चोरापासून तो चांगला वाचवतो पण जाहिरातवाल्यांपासून नाही, कारण गूगलचा धंदाच जाहिरातींवर चालतो. आपण एका साइटवर गेलो की दुसरीला कळतं ते ज्या थर्ड पार्टी कुकीमुळे (कुकी म्हणजे साइट आपल्या ब्राऊजरमध्ये ठेवते ती छोटी नोंद), ती बंद करू असं गूगलने 2020 मध्ये सांगितलं, तारखा पुढे ढकलत राहिले आणि 2024 मध्ये तो बेतच सोडून दिला. फायरफॉक्सने 2019 मध्येच ओळखीचे ट्रॅकर, म्हणजे साइटसाइटवर आपला माग काढणारे, आपणहून अडवायला सुरुवात केली आणि 2022 पासून प्रत्येक साइटच्या कुकी वेगळ्या डब्यात ठेवतो, या डब्यातलं त्या डब्याला कळत नाही. सेटिंगमध्ये जाऊन काही करावं लागत नाही, टाकला की चालू.

आणि इन्कॉग्निटोवर, म्हणजे क्रोमच्या त्या खाजगी विंडोवर, फार विसंबू नका. त्याने फक्त आपल्या कॉम्प्युटरवर हिस्ट्री राहत नाही, साइटला, ऑफिसच्या नेटवर्कला आणि इंटरनेट देणाऱ्याला जे दिसायचं ते दिसतंच.

आता ॲडब्लॉकर, म्हणजे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन, ब्राऊजरला जोडायचा छोटा प्रोग्राम. मला हा मुद्दा सगळ्यात मोठा वाटतो. लोकांना वाटतं ॲडब्लॉकर म्हणजे यूट्यूबच्या जाहिराती घालवायची हौस, पण फसवणुकीचा एक मोठा रस्ता जाहिरातीतूनच जातो. आपण बँकेचा कस्टमर केअर नंबर शोधतो, सगळ्यात वर जे येतं ते बऱ्याचदा पैसे देऊन लावलेलं असतं आणि तिथे फोन लावला की पलीकडचा माणूस स्क्रीन शेअर करायला सांगतो. अमेरिकेच्या एफबीआयने डिसेंबर 2022 मध्ये लोकांना जाहीरपणे सांगितलं होतं की सर्च करताना ॲडब्लॉकर वापरा, इतकं ते गंभीर आहे. तर त्यातला सगळ्यात चांगला, फुकट आणि ओपन सोर्स म्हणजे यूब्लॉक ओरिजिन, तो पूर्ण ताकदीचा फायरफॉक्सवर चालतो पण क्रोमवर आता चालत नाही, गूगलने एक्स्टेन्शनचे नियम बदलले, मॅनिफेस्ट व्ही 3 म्हणतात त्याला, आणि 2025 मध्ये जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन्स बंदच पडली. क्रोमला लाइट नावाचा धाकटा भाऊ मिळतो, काहीच नसण्यापेक्षा बरा. अँड्रॉइड फोनवर तर फरक आणखी मोठा आहे, तिथे क्रोममध्ये एक्स्टेन्शन टाकताच येत नाही आणि फायरफॉक्समध्ये येतं.

रामबागेतल्या आमच्या एका काकांच्या लॅपटॉपवर उजव्या खालच्या कोपऱ्यात दर पाच-दहा मिनिटांनी लाल चौकट यायची, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहेत, आत्ता स्कॅन करा. काका घाबरून अँटिव्हायरस विकत घ्यायला निघाले होते. व्हायरस एकही नव्हता. कुठल्या तरी साइटने "तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करायला अलाऊ दाबा" असं दाखवलं, त्यांनी दाबलं आणि त्या साइटला नोटिफिकेशन पाठवायची परवानगी मिळाली. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असं गेलं की परवानगी मिळालेल्या साइट्सची यादी दिसते, काकांची चांगली लांबलचक होती, एकेक काढून टाकली आणि वर "साइट्सना नोटिफिकेशन पाठवू देऊ नका" असा पर्याय असतो तो लावला. घरी आईवडिलांचा लॅपटॉप असेल तर कुठलाही ब्राऊजर असो, हे आधी करा. बाकी तुलना नंतर.

मायक्रोसॉफ्टच्या एजला लोक उगाच नाकं मुरडतात, जुन्या इंटरनेट एक्सप्लोररमुळे. जानेवारी 2020 पासून एज क्रोमच्याच क्रोमियम पायावर उभा आहे, त्यामुळे साइट्स तशाच चालतात, आणि खोट्या साइट्स अडवायला स्मार्टस्क्रीन आहे. ज्यांना टेंडरच्या किंवा जुन्या ऑफिस पोर्टलच्या कामाला अजून इंटरनेट एक्सप्लोरर लागतो त्यांना एजमधल्या आयई मोडशिवाय गत्यंतर नाही, मूळचा तर जून 2022 मध्ये निवृत्त झाला. मला एजमध्ये जे खरंच आवडतं ते म्हणजे रीड अलाऊड, पान मोठ्याने वाचून दाखवायची सोय. मराठी पान उघडा, कंट्रोल शिफ्ट यू दाबा आणि आरोही किंवा मनोहर यातला एक आवाज निवडा, मराठी इतकी चांगली वाचतात की डोळे अधू झालेल्या घरच्या मोठ्यांना मी तेच लावून देते. वाईट काय तर नवीन टॅबवर बातम्यांचा बाजार, कूपन, शॉपिंग, सारखं काहीतरी पुढे करत राहतो. आधी ते सगळं बंद करायला एक संध्याकाळ काढा.

ब्रेव्ह त्यांच्यासाठी ज्यांना काहीही सेट करायचं नाहीये. जाहिराती आणि ट्रॅकर अडवणं त्याच्या पोटातच आहे, एक्स्टेन्शन लागत नाही म्हणून गूगलच्या त्या नियमाचा फटका तिथे बसत नाही. जावास्क्रिप्ट बनवणारे ब्रेंडन आईक यांनी काढलेला आहे. पण क्रिप्टोचं वॉलेट, रिवॉर्ड्स वगैरे आत भरलंय आणि 2020 मध्ये क्रिप्टोच्या काही साइट्सचा पत्ता टाइप केला की त्यात यांचा रेफरल कोड (ज्यातून यांना कमिशन मिळतं तो) आपोआप जोडला जायचा, ओरड झाली तेव्हा काढला. मी तरी ते विसरलेले नाही. वापरायचा असेल तर ती बटणं लपवून वापरा, काम चोख करतो.

ऑपेराचं फुकट व्हीपीएन (आपलं इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमधून फिरवणारी सोय) फक्त ब्राऊजरपुरतं असतं, त्याच्या भरवशावर बँकेचं काम करू नका. विवाल्डी टॅबांचा ढीग सांभाळणाऱ्यांना आवडेल. सफारी फक्त ॲपलवाल्यांसाठी, आणि आयफोनवर तुम्ही क्रोम टाका की फायरफॉक्स, आपल्याकडे आतलं इंजिन सफारीचंच, वेबकिट, असतं, तेव्हा तिथे ब्राऊजरपेक्षा फोनच्या अपडेटकडे लक्ष द्या.

एआयवाले नवीन ब्राऊजर आलेत, कॉमेट, ॲटलस, आपल्या वतीने क्लिक करतात, फॉर्म भरतात. पानात लपवलेला मजकूर त्यांना हुकूम वाटू शकतो, 2025 मध्ये ब्रेव्हच्या लोकांनी कॉमेटवर ते करून दाखवलं. मेल आणि बँक लॉगिन असलेल्या ठिकाणी सध्या तरी नको.

दुकानात अजून विंडोज 7 चालवणारे पुष्कळ आहेत, बिलिंगचं जुनं सॉफ्टवेअर असतं म्हणून. क्रोमची त्याच्यासाठीची शेवटची आवृत्ती 109, 2023 सालची, पुढे काही नाही. फायरफॉक्सच्या 115 ईएसआर या जास्त काळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्तीला त्यानंतरही बराच काळ सिक्युरिटी अपडेट मिळत राहिले. तरी त्या मशीनवर बिलं काढा, नेट बँकिंग नको.

फायरफॉक्सची बाजू घेतेय तर उणंही सांगायला हवं. आपल्याकडची बरीच पोर्टल्स फक्त क्रोमवर तपासलेली असतात, फायरफॉक्समध्ये फॉर्म पूर्ण भरून होतो आणि शेवटी सबमिट दाबलं की काहीच होत नाही, जाम वैताग येतो. आणि फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाची बहुतेक कमाई गूगलला डिफॉल्ट सर्च ठेवण्यातून येते, हे मला खटकतं.

म्हणून दोन. क्रोम किंवा एज, एकही एक्स्टेन्शन न टाकलेला, फक्त बँक, टॅक्स आणि सरकारी फॉर्मसाठी. एक्स्टेन्शन का नको तर "सगळ्या साइट्सवरचा डेटा वाचू शकतो" ही परवानगी दिली की बँकेचं पानही त्यात आलं, आणि चांगलं एक्स्टेन्शन पुढे विकलं जाऊन बिघडतं, द ग्रेट सस्पेंडर लाखो लोक वापरायचे, मालक बदलला आणि 2021 मध्ये गूगलला ते मालवेअर म्हणून काढावं लागलं. त्या ब्राऊजरमध्ये बँकेचा पत्ता बुकमार्क करून ठेवा, सर्च करून जाऊ नका. रिझर्व्ह बँकेने बँकांना .bank.in वर यायला 31 ऑक्टोबर 2025 पर्यंतची मुदत दिली होती, तेव्हा पत्त्याचा शेवट तोच आहे ना बघून घ्या. पत्त्याशेजारच्या कुलुपाच्या चिन्हावर जाऊ नका, खोट्या साइटलाही ते सहज मिळतं, म्हणून तर क्रोमने 2023 मध्ये ते चिन्हच बदललं.

बाकी बातम्या, रेसिपी, सर्च, व्हिडिओ सगळं फायरफॉक्समध्ये, यूब्लॉक ओरिजिन टाकून. क्रोममधले बुकमार्क फायरफॉक्स स्वतः आणतो. पासवर्ड सीएसव्ही फाइलने नेले तर त्या फाइलमध्ये सगळे पासवर्ड उघडे, साध्या अक्षरात असतात, काम झालं की ती लगेच डिलीट करा आणि रीसायकल बिनमधूनही काढा.