ओल्नेचं सँ-पिएर चर्च : दक्षिणेच्या दारापाशी तासभर तरी थांबा

फ्रान्समधलं चर्च म्हटलं की सगळे पॅरिसचं नोत्र दाम सांगतात, ते बघाच, पण ज्यांना दगडातलं कोरीव काम मनापासून आवडतं त्यांनी एक दिवस काढून ओल्नेला जावं असं मला फार वाटतं. प्वातिएच्या दक्षिणेला, शारांत-मारितिम भागातलं छोटं गाव आहे, आणि चर्च गावापासून जरा बाजूला, जुन्या कबरींच्या मधोमध उभं आहे. बाराव्या शतकातलं रोमनेस्क काम, म्हणजे जाड भिंती नि अर्धगोल कमानींची युरोपातली जुनी शैली. पॅरिस, तूर, प्वातिए करत स्पेनमधल्या सान्तियागो या ख्रिस्ती तीर्थक्षेत्राला पायी जाणारे यात्रेकरू इथूनच जायचे, त्या वाटांबरोबर १९९८ साली याला जागतिक वारसा म्हणून मान मिळाला.

इथे दारांवर मूर्तींनी भरलेली मोठी अर्धगोल शिळा नाही, सगळं काम कमानींवरच. पश्चिमेच्या मुख्य दाराच्या कमानीत ढाल-तलवार घेतलेल्या बायका, म्हणजे सद्गुण, दुर्गुणांना पायाखाली तुडवतायत, वरच्या रांगेत बायबलच्या गोष्टीतल्या पाच शहाण्या नि पाच मूर्ख अशा दहा कुमारी आहेत, शहाण्यांचे दिवे सरळ, मूर्खांचे पालथे. या मूर्ती कमानीच्या लांबीने, एकामागे एक अशा कोरल्यात.

आता चालत दक्षिणेच्या दाराशी या. माझ्यासाठी या चर्चचा जीव इथे आहे. एकात एक चार कमानी, आणि इथे मूर्ती आडव्या नाहीत, प्रत्येक दगडावर एकेक, चाकाच्या आऱ्यांसारख्या. सगळ्यात आतल्या कमानीत वेलबुट्टी आणि प्राणी, मग हातात पोथ्या घेतलेले संत, मग वाद्यं नि कुप्या घेतलेले मुकुटधारी वृद्ध. बायबलमध्ये हे वृद्ध २४ आहेत, इथे मोजले तर ३१ भरतात! कमान मोठी, दगड जास्त, आणि दगड कोरा सोडायचा नाही, म्हणून सात वाढले असणार. कारागिराचं हे गणित कळलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी पुन्हा पहिल्यापासून मोजले. सगळ्यात बाहेरच्या रांगेत चित्रविचित्र प्राणी, त्यात एक गाढव चक्क वाद्य वाजवतंय. आणि एक करा, कमानीच्या अगदी खाली जाऊन मान वर करून बघा, दगडाच्या खालच्या बाजूलाही छोटी माणसं गुडघ्यावर बसून वरचा भार पेलतायत, समोरून बघणाऱ्याला ती नीट दिसतच नाहीत.

आत थंड आणि मंद उजेड. मधल्या दालनाचं छत अख्खं दगडी, त्याचा रेटा भिंतींना बाहेर ढकलतो, म्हणून बाजूची दालनं जवळजवळ तेवढीच उंच बांधून दोन्हीकडून आधार दिलाय. त्यामुळे मधल्या भिंतीत वर खिडक्या नाहीत, जो उजेड येतो तो बाजूच्या दालनांतून.

आई बरोबर होती, ती खांबांचे माथे बघत बघत पुढे गेली आणि एकदम म्हणाली, "अगं, इकडे ये, हत्ती!" खरंच हत्ती, तीन, आणि वर लॅटिनमध्ये लिहिलंय, 'हे हत्ती आहेत'. सोंडा आहेत पण अंगाची ठेवण घोड्याबैलाची. वेरूळचे हत्ती लहानपणापासून पाहिलेल्या आपल्याला लगेच कळतं की कोरणाऱ्याने हत्ती डोळ्यांनी पाहिलेला नसावा, ऐकून किंवा चित्रावरून केलंय, आणि बघणाऱ्याला ओळखू यावा म्हणून नाव कोरलंय. आई तिथून हलेना. बायबलमधला सॅमसन, ज्याची ताकद त्याच्या केसांत होती आणि दलीला त्याचेच केस कापवतेय, तो बांधलेला सॅमसनही एका खांबावर आहे, तो चुकवू नका.

स्वतःची किंवा भाड्याची गाडी असेल तरच जाणं सोपं आहे. छोटी दुर्बीण न्या, खांबांचे माथे फार उंचावर आहेत. सकाळी पोचलात तर आधी मागच्या अर्धगोल भिंतीकडे जा, तिथल्या मधल्या खिडकीच्या चौकटीवर कोरलेल्या वेलींत माणसं गुंतलीयत, ती सकाळच्या उन्हात छान उठून दिसतात. दक्षिणेचं दार दुपारी. पश्चिमेची बाजू शेवटी ठेवा, संध्याकाळकडे ऊन तिथे येतं.