१८ चाकी ट्रेलर, ११ महिने, ६२ हजार किलोमीटर: ॲव्हरेज कुठं जात होतं ते शेवटी ट्रेलरखाली सापडलं

सरळ आकड्यावरच येतो. मागच्या जुलैत नवा पुलर घेतला (म्हणजे ट्रेलर ओढणारी पुढची गाडी), मालासकट एकूण साडेपंचेचाळीस टनांचं पासिंग, मागं तीन एक्सलचा ट्रेलर, एकूण १८ टायर. पहिले दोन महिने लोडवर लिटरला ३.४ किलोमीटरचं ॲव्हरेज होतं आणि डिसेंबरात तेच २.८ वर आलं. गाडी तीच, ड्रायव्हर तेच, रस्ता तोच, मालही तोच. ०.६ चा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण माझी एक खेप सोलापूर-जालना-सोलापूर म्हणजे ५८० च्या आसपास पडते, जाताना सिमेंट आणि येताना सळी, दोन्हीकडनं फुल लोड. ३.४ नं १७० लिटर लागतं आणि २.८ नं २०७. खेपेमागं ३७ लिटर जास्तीचं. डिझेल नव्वद रुपये धरलं तरी ३३०० रुपये, महिन्याला १० खेपा, ३३ हजार. हा माझ्या हप्त्याचा तिसरा हिस्सा आहे. त्यामुळं झोप उडाली होती असं म्हटलं तर त्यात काही वाढवून सांगत नाही.

इंजिन किती एचपी, केबिन कशी, एसी कसा हे लिहीत बसत नाही, गाडी बघायला जाणाऱ्याला ते सगळं पाठ असतं. कंपनीचं आणि सर्व्हिस सेंटरचं नावही लिहीत नाही, कारण चार महिने मी ज्यांच्याशी भांडलो त्यात त्यांची चूक होती, पण मी समजत होतो ती नव्हती.

ॲव्हरेज काढायची माझी पद्धत आधी सांगतो, नाहीतर सगळा हिशोबच खोटा वाटेल. डॅशबोर्डवर दिसतं ते मी धरत नाही. माझ्या गाडीचा डॅशबोर्ड कायम ०.३ जास्त दाखवतो, टाकीनं २.८ सांगितलं की तो ३.१ सांगतो, आणि नवीन घेणारा माणूस तेवढ्यावरच खूश राहतो. मी फुल टू फुल करतो, म्हणजे दरवेळी टाकी काठोकाठ भरून किती लिटर बसलं ते धरतो, एकाच पंपावर, एकाच नोझलला, गाडी त्याच जागी उभी करून, कारण एवढ्या मोठ्या टाकीला जागा जरा तिरकी असली तरी चार-पाच लिटरचा फरक पडतो. वही आहे, प्रत्येक खेपेचं वजन, किलोमीटर, लिटर, सगळं त्यात. ऑक्टोबरातली एक खेप मात्र हिशोबात धरलेली नाही, कोजागिरीला सोलापूर-तुळजापूर रस्ता पायी जाणाऱ्या भाविकांसाठी गाड्यांना बंद होता, वळसा घालून जावं लागलं.

तर सप्टेंबरपर्यंत ३.४, ऑक्टोबर ३.२, नोव्हेंबर ३.०, डिसेंबर २.८. हळूहळू उतरलं. एकदम उतरलं असतं तर लगेच कळलं असतं की काहीतरी तुटलंय. हळूहळू उतरलं की माणूस दरवेळी काहीतरी कारण काढतो, वारा होता, टोलला रांग होती, माल ओला होता.

सर्व्हिस सेंटरला तीन वेळा गेलो. तिन्ही वेळा लॅपटॉप जोडला आणि "सगळं ओके आहे सर" म्हणाले. दुसऱ्या वेळी सॉफ्टवेअर अपडेट केलं, तिसऱ्या वेळी एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर बदलून बिल हातात दिलं. मी म्हटलं इंजेक्टर तपासा, ते म्हणाले एरर येत नाही तर खोलता येणार नाही. युरियाचं विचारलं, धूर साफ करायला वेगळ्या टाकीत घालतात ते. १०० लिटर डिझेलला ४-५ लिटर युरिया जातो तेवढाच जात होता, म्हणजे तिकडंही गडबड नव्हती. धूर काढणाऱ्या भागातली काजळी जाळायला ही गाडी मधूनमधून जास्तीचं डिझेल घेते हे माहीत होतं, पण त्याची वेळही आधीइतकीच येत होती. शेवटी तिथला सुपरवायझर म्हणाला, "सर, ड्रायव्हरकडं बघा जरा."

आणि मी बघितलं. हे लिहायला जड जातंय, पण लिहायलाच पाहिजे. आमचे ड्रायव्हर अण्णा वडिलांच्या वेळेपासून गाडीवर आहेत. मी त्यांना सरळ काही विचारलं नाही, पण पावत्या दोनदा बघायला लागलो, ढाब्यावर किती वेळ थांबला विचारायला लागलो, जीपीएसवर गाडी थांबलेली दिसली की फोन करायला लागलो. त्यांना कळायचं ते कळलं. एके दिवशी सकाळी गाडी निघायच्या आधी आले आणि म्हणाले, "मालक, टाकीला कुलूप लावा. चावी तुमच्याकडंच ठेवा. मग बघा काय येतंय ते."

मी कुलूप लावलं. लावायला नको होतं, पण लावलं. जालन्याला भरून गाडी परत आली, पंपावर मी स्वतः उभा राहिलो, कुलूप मी उघडलं. २.८. अण्णा बाजूला उभे होते, एक शब्द बोलले नाहीत.

त्या रात्री पुतण्याला बसवलं, तो इंजिनिअरिंगला आहे. म्हटलं नुसता घाट चढायला किती डिझेल लागतं ते काढून दे. सोलापूर ते तुळजापूर उंचीचा फरक साधारण १९० मीटर. ४५ टन तेवढं वर उचलायचं, लिटरभर डिझेलमध्ये ३६ मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा, त्यातली इंजिनातनं चाकापर्यंत जेमतेम ३८ टक्के पोचते. उत्तर आलं ६ लिटर. येताना बीड सोडल्यावर मांजरसुंब्याचा घाट चढायचा, तो धरून दोन्ही मिळून ११-१२ लिटर. मला वाटायचं घाट गाडी खातो. घाट खातो ते एवढंच, आणि ते तर जुलैतही खातच होता. वरचे ३७ लिटर सपाट रस्त्यावर जात होते. सपाट रस्त्यावर डिझेल जातं ते हवा कापायला आणि टायर फिरवायला. हवा तीच, स्पीड तोच, मग राहिलं काय, टायर फिरवणं. आणि १८ पैकी १२ टायर ट्रेलरला आहेत, जो मी एकदाही कुणाला दाखवला नव्हता!

ट्रेलर जुना. पैसे वाचवायला पुलर नवा घेतला आणि सहा वर्षांचा ट्रेलर तसाच मागं जोडला. जुन्या पुलरला त्याच ट्रेलरवर ३.१ मिळायचं, त्यामुळं ट्रेलरकडं बोट दाखवायचं मनातही आलं नाही.

जानेवारीत संक्रांतीच्या आसपास तुळजापूर घाट चढून गाडी वर आली, आणि अण्णांचा फोन, ट्रेलरच्या मधल्या एक्सलला वास येतोय. मी मोटरसायकलवर निघालो. जाईपर्यंत अर्धा-पाऊण तास गेला असेल, तरी चाकातल्या ब्रेकच्या ड्रमजवळ हात नेला की लांबनंच झळ लागत होती. जळक्या लायनरचा (ड्रमला आतनं घासून ब्रेक लावणारी पट्टी) तो करपट वास ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. क्लीनर बाटलीतलं पाणी ओतायला निघाला तर अण्णांनी त्याचा हात धरला, ओतीव लोखंड आहे, एवढ्या तापल्यावर गार पाणी पडलं की तडकतं. बाकीच्या चाकांना मी हात लावून बघितला, कोमट. मधल्या एक्सलची दोन्ही चाकं मात्र भट्टी. घाट चढताना कुणी ब्रेक मारत नाही. म्हणजे ब्रेक न मारताच ती दोन चाकं धरून होती.

दुसऱ्या दिवशी हैदराबाद रोडला फक्त ट्रेलरचंच काम करणारे एक मिस्त्री आहेत त्यांच्याकडं नेला. चाक काढलं. ब्रेक सोडल्यावर लायनर मागं घ्यायचं काम स्प्रिंगचं, एका बाजूची स्प्रिंग तुटलेली आणि दुसऱ्या बाजूचा कॅम शाफ्ट, म्हणजे लायनर ड्रमवर दाबणारा दांडा, ग्रीस नसल्यानं बुशमध्ये इतका धरलेला की हातोडीनं ठोकून काढावा लागला. म्हणजे ब्रेक लागायचा पण पूर्ण सुटायचा नाही. ड्रमच्या आतनं निळसर झाक आलेली. मिस्त्रींनी बोट फिरवून दाखवलं, "बघा, हे तुमचं डिझेल." मी फोटो काढून ठेवलाय.

मग म्हटलं आलोच आहे तर सगळं बघा. टेप घेऊन किंगपिनपासून, म्हणजे ट्रेलर पुलरला जिथं अडकतो त्या खुंटीपासून, प्रत्येक एक्सलच्या दोन्ही टोकांचं अंतर मोजलं, शेवटचा एक्सल एका बाजूला १४ मिलिमीटर मागं. म्हणजे ट्रेलर सरळ ओढला जात नव्हता, शेवटचे चार टायर रस्त्यावर जरा तिरके घासत चालले होते. त्या टायरांची एकच कड झिजलेली मी कितीतरी वेळा बघितली होती आणि टायर कंपनीला दोष दिला होता. शिवाय जोडीतल्या आतल्या टायरची हवा. बाहेरचा टायर सगळे चेक करतात, आतल्याचा वॉल्व्ह हाताला येत नाही म्हणून पंक्चरवाला नुसती काठी मारून ठीक आहे म्हणतो. मोजली तर दोन जोड्यांत आतला टायर बाहेरच्यापेक्षा ३५-४० पौंड कमी. सगळं वजन बाहेरच्यावर आणि आतला नुसता मळला जातोय.

खर्च सांगतो. स्प्रिंगा, दोन कॅम शाफ्ट, बुश, लायनर, एक ड्रम, एक्सल सरळ करून एक्सल जागेवर धरणाऱ्या टॉर्क आर्मचे बुश, आतल्या टायरांना वॉल्व्हच्या लांब नळ्या, मजुरीसकट २८ हजार ४००. एका महिन्यात जास्तीच्या जळणाऱ्या डिझेलपेक्षा कमी.

पुढच्या खेपेला ३.२५. त्याच्या पुढच्या खेपेला ३.३८. फेब्रुवारीपासून आजपर्यंत ३.३५ च्या खाली एकदाही आलेलं नाही, एप्रिल-मेच्या उन्हातसुद्धा.

त्यामुळं गाडीबद्दल माझं मत बदललं हे मोकळेपणानं लिहितो. डिसेंबरात कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, घेऊ नका, लोडवर मरते. आज सांगेन की जुन्या पुलरपेक्षा त्याच ट्रेलरवर, तेवढ्याच मालावर लिटरमागं पाव किलोमीटर तरी जास्त देते, चढाला खालच्या आरपीएमवर ओढते, गिअर कमी टाकावे लागतात. वाईट म्हणाल तर डॅशबोर्डचं खोटं ॲव्हरेज, आणि सर्व्हिस सेंटर. त्यांच्यावरचा राग मात्र गेलेला नाही. ट्रेलर त्यांचा नाही, कबूल. पण तीन वेळा ॲव्हरेजची तक्रार घेऊन ट्रेलरसकट गाडी आवारात उभी केली, एकानं खाली उतरून बारा चाकांना हात लावला असता तर? पाच मिनिटांचं काम. त्याऐवजी एका माणसाच्या इमानावर बोट ठेवलं.

अण्णांची मी माफी मागितली, घरी जाऊन. ते म्हणाले, "झालं ते झालं, ते कुलूप तेवढं काढा मालक, पंपावर पोरं बघतात." त्याच दिवशी काढलं.

आता लेझरवाली टेम्परेचर गन घेतलीय, हजार-बाराशेची. पद्धत अण्णांनीच बसवली. घाटाच्या उतारानंतर मोजायचं नाही, तेव्हा सगळेच ड्रम तापलेले असतात. वीस-पंचवीस किलोमीटर सपाट, ब्रेक न मारता चाललेलं असलं की चहाला थांबल्यावर लगेच सगळे ड्रम मोजायचे. माझ्या गाडीला ६० ते ७० येतात, उन्हाकडची बाजू पाच-सात डिग्रीनं जास्त. महत्त्वाचा आहे तो आपापसातला फरक, एखादं चाक त्याच एक्सलच्या दुसऱ्या चाकापेक्षा २०-२५ नं वर गेलं की तिथं काहीतरी धरतंय. मार्चमध्ये असंच एक ९५ ला सापडलं, नुसतं ग्रीस आणि ॲडजेस्टमेंट, ३०० रुपयांत काम.

अजून एक, उताराला न्यूट्रल. अण्णांची ही जुन्या गाडीची सवय होती, आता सोडलीय. या इंजिनात गिअरमध्ये पाय काढला की डिझेल पूर्ण बंद होतं, न्यूट्रलवर उलट आयडलचं डिझेल जळत राहतं, आणि ४५ टन निव्वळ ब्रेकवर धरायचे म्हणजे तुळजापूर घाटात जीव टांगणीला. स्पीडही ७५ वरनं ६० वर आणून पाच खेपा बघितल्या, त्यानं ०.२ मिळतं, पण वेळेवर गाडी लावायची असली की जमत नाही, म्हणून तो आकडा वर धरलेला नाही.

काल रात्री गाडी आली. ५७८ किलोमीटर, १७० लिटर, ३.४. वडीगोद्री फाट्याच्या पुढं ट्रेलरचे सहा ड्रम मोजले तेव्हा मधला एक्सल ६४ आणि ६६, अण्णांनी वहीत स्वतःच्या अक्षरात लिहून आणलंय.