मिळवायला निघालेला नायक की टाकायला निघालेला?

साहसकादंबरीतला शोधप्रवास दोन तऱ्हांनी बांधता येतो: काही मिळवण्यासाठी, किंवा जवळचं काही कायमचं टाकण्यासाठी. इंग्रज कादंबरीकार टॉल्किनने दोन्ही लिहिले. १९३७च्या ‘द हॉबिट’मध्ये ड्रॅगनने बळकावलेला खजिना परत मिळवायचा आहे, १९५४-५५च्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये एक घातक जादुई अंगठी ज्वालामुखीत टाकून नष्ट करायची आहे.

पहिल्या प्रकारात उत्सुकता आयती मिळते, नायक धीट होत जातो. मला मात्र दुसराच भावतो. तिथे ओझं नायकाच्याच गळ्यात, आणि पावलागणिक जड होणारं. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा नायक फ्रोडो ज्वालामुखीच्या पोटात, अगदी कड्यावर पोहोचतो आणि नेमकं तिथेच नकार देतो, अंगठी बोटात चढवतो. किती माणसासारखं आहे हे! ‘हॉबिट’चा नायक बिल्बो घरी परतून रमतो. फ्रोडो परततो, पण जखम काही भरत नाही.